गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीला करंट कसा लावायचा

गुडघा बदलून पेशंट घरी आला की काही दिवसांनी घरातलं कुणीतरी मला फोटो पाठवतं. मोबाइलएवढं मशीन, वायरी, चार चिकट पॅड आणि खाली प्रश्न: ‘मॅडम, आणलंय. कुठं लावायचं?’ मिरज-सांगली भागात घरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न सवयीचा झालाय. पॅड कुठं लावायचं हे दोन ओळींत सांगता येतं. पण करंट किती ठेवायचा, मध्ये किती थांबायचं आणि तेवढ्या वेळात पेशंटनं काय करायचं, हे आत काय चाललंय ते कळल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी एक अट. ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांना विचारल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. आणि पहिल्या एक-दोन वेळा तरी तुमच्या फिजिओथेरपिस्टच्या समोर करायचं.

मांडी ऐकत का नाही

ऑपरेशननंतर मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, ज्याला आम्ही क्वाड्स म्हणतो, एकदम ढिला पडतो. पहिल्या महिन्यात त्याची ताकद आधीच्या मानानं निम्म्यावर येते, काहींची त्याहून खाली. पेशंट कळवळून सांगतो, ‘मी जोर लावतोय हो, पण लागतच नाही.’ घरचे म्हणतात, आजोबा कंटाळा करतात. तो कंटाळा नसतो. गुडघ्यात सूज असली की तिथल्या संवेदनेच्या नसा मज्जारज्जूला सारख्या खबरा देत राहतात आणि मज्जारज्जू आपल्या पातळीवरच क्वाड्सला जाणारे हुकूम आवळून धरतो. स्नायू शाबूत, नसही शाबूत, पण वरून पुरेसा हुकूमच येत नाही.

करंट उपयोगी पडतो तो इथं. वरून येणारा हुकूम अडलाय, तर मांडीतल्या नसेला तिथल्या तिथं बाहेरून चेतवायचं. बहुतेकांना वाटतं की करंट थेट स्नायूत शिरतो आणि स्नायूला ओढतो. तसं होत नाही. नस फार थोड्या करंटला चेतते, स्नायूला त्यापेक्षा बराच जास्त लागतो. त्यामुळे घरच्या मशीनवर आधी नस चेतते आणि मग ती स्नायूला चेतवते.

नसेचं टोक जिथं स्नायूच्या तंतूला भिडतं तिथं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. शांत असताना तंतूची आतली बाजू बाहेरच्या मानानं उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास असते. हे रसायन पोचलं की ती क्षणभर उलटून अधिक ३० च्या घरात जाते. ही लाट तंतूच्या पृष्ठभागावरून पळते, बारीक नळ्यांमधून आत उतरते आणि आतल्या पिशव्यांमधलं कॅल्शियम मोकळं करते. तंतूत दोन प्रकारचे धागे एकमेकांत सरकवलेले असतात, बारीक ॲक्टिनचे आणि जाड मायोसिनचे. एरवी ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा झाकलेल्या असतात. कॅल्शियम आलं की ते झाकण बाजूला सरतं. मग मायोसिनची डोकी पकड घेतात, वळतात, धागा ५ ते १० नॅनोमीटर ओढतात, सोडतात आणि पुढची पकड घेतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोरावर हात बदलत जातो ना, अगदी तसं. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात मांडलं. दोन्ही जोड्यांत एकेक हक्सली होता आणि दोघांचं आपसात काही नातं नव्हतं. परीक्षेत हमखास घोळ व्हायचा.

घेतलेली पकड सोडायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतो आणि कॅल्शियम परत पिशवीत भरायलाही एटीपीच लागतो. म्हणजे स्नायूला सैल पडण्याचाही खर्च आहे. माणूस गेल्यावर अंग ताठतं ते याचमुळे: एटीपी संपतो, पकड सुटत नाही. पुढं विश्रांतीच्या वेळेचा हिशेब येईल, तेव्हा हे आठवा.

मशीन तेच आहे ना ते बघा

खोक्यावर नुसतं ‘टेन्स’ लिहिलं असेल तर ते दुखणं कमी करण्याचं मशीन आहे. त्याच्या मुंग्या येतात, स्नायू आकसण्याची त्यात अपेक्षा नसते. आपल्याला हवं ते ‘ईएमएस’ किंवा ‘एनएमईएस’. काही मशीनमध्ये दोन्ही असतं, बटणानं निवडायचं. घ्यायचंच असेल तर चार गोष्टी हातानं बदलता येतील असं घ्या: फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती झटके, हे हर्ट्झमध्ये मोजतात), पल्सची म्हणजे एकेका झटक्याची रुंदी (तो किती वेळ टिकतो), करंट चालू-बंद राहण्याचा वेळ आणि करंटची तीव्रता. ज्यावर नुसते ‘मोड १, मोड २’ आहेत आणि आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नाही, ते मला बिनकामाचं वाटतं. पोट कमी करण्याचा पट्टा म्हणून जे विकतात त्याबद्दल तर विचारूच नका.

हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारं उपकरण बसवलेलं असेल त्यांनी हे मशीन लावायचंच नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल किंवा तशी शंका असेल, त्या भागात कॅन्सर असेल, जखम ओली असेल, कातडीला संसर्ग असेल, तरीही नाही. फिट्स येत असतील किंवा दिवस राहिलेले असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. मांडीला स्पर्श कळत नसेल, जे जुन्या मधुमेहात होऊ शकतं, तर एकट्यानं मुळीच लावू नका, कारण भाजलं तरी कळणार नाही. आणि मशीन मांडीचं आहे ते मांडीलाच. छातीवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्याला कधीही लावायचं नाही.

‘आत स्टीलची वाटी आहे, करंट धरेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. या मशीनचा प्रत्येक पल्स आधी एका दिशेनं आणि मग तितकाच उलट दिशेनं जातो, त्यामुळे आतल्या धातूपाशी भार साचत नाही. शिवाय पॅड मांडीवर असतात, गुडघ्यावर नाही. धातूला खरा धोका शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, ज्या मोठ्या मशीननं खोलवर शेक देतात त्याचा. बदललेल्या गुडघ्याला तो शेक घ्यायचा नाही. शेजारच्या काकूंना त्यानं कितीही बरं वाटलेलं असो.

पॅड लावताना

आपल्याकडे ऑपरेशन झालं की तेल चोळणारा एक माणूस घरात असतोच. तेलकट कातडीवर पॅड चिकटत नाही आणि करंटही नीट जात नाही. जिथं कडा चिकटलेली असते तेवढ्याच ठिकाणाहून सगळा करंट घुसतो आणि चटका बसतो. मांडी साबणानं धुऊन कोरडी करा. केस दाट असतील तर कात्रीनं बारीक करा. वस्तरा फिरवू नका, त्यानं न दिसणारे ओरखडे पडतात आणि तिथं टोचतं.

मांडीसाठी मोठे पॅड घ्या, साधारण ५ बाय ९ सेंटिमीटरचे. मशीनसोबत येणारे छोटे चौकोनी पॅड मनगटाला ठीक. तोच करंट लहान जागेतून गेला की जास्त टोचतो आणि पेशंट आकुंचन येण्याआधीच ‘बास’ म्हणतो. दोनच पॅड पुरतात. एक मांडीच्या वरच्या भागात, जांघेपासून चार-पाच बोटं खाली, पुढून जरा बाहेरच्या अंगाला. दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या वर तीन-चार बोटं, आतल्या बाजूला जो मांसल फुगवटा असतो त्यावर. टाक्यांच्या रेषेपासून दोन बोटं तरी लांब. टाके बरेच वरपर्यंत असतील तर खालचा पॅड आणखी वर घ्या.

प्रत्येक स्नायूवर अशी एक जागा असते की तिथं थोड्या करंटलाही चांगलं आकुंचन मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी शरीरभर अशा जागा शोधल्या होत्या. तुम्ही तुमच्या पेशंटची तेवढी एकच शोधायची. पॅड बोटभर सरकवून बघा, पण दर वेळी करंट शून्यावर आणून. चालू मशीनचा पॅड उचलला तर झटका बसतो आणि पेशंटचा मशीनवरचा विश्वास तिथंच उडतो. आतल्या बाजूला फार गेलात तर पाय जवळ ओढणारे स्नायू आकसतील. मांडी आत खेचली जाताना दिसली की समजा, पॅड चुकलाय.

पेशंटला खुर्चीत बसवा, गुडघा ६० ते ९० अंशांत वाकलेला. पावलाचा पुढचा भाग भिंतीला टेकवा, म्हणजे पाय उडणार नाही. सुरुवातीला एवढं वाकत नसेल तर पाठीवर झोपवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. पाय पूर्ण सरळ ठेवून करंट देऊ नका. स्नायू तेव्हा आधीच आखूड झालेला असतो, आतल्या धाग्यांना सरकायला जागा कमी उरते, जोर मिळत नाही आणि गोळा येण्याची शक्यता वाढते.

आकडे कुठले आणि का

माझे सुरुवातीचे आकडे असे: फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, पल्स ३०० मायक्रोसेकंद, करंट चालू १० सेकंद, बंद ५० सेकंद, चढायला २ सेकंद. अशी १५ आकुंचनं, म्हणजे १५ मिनिटं.

५० हर्ट्झच का? कॉलेजात आम्हाला बेडकाच्या पोटरीच्या स्नायूचा आलेख पाठ करावा लागायचा. एक झटका दिला की १० मिलिसेकंद काहीच नाही, मग ४० मिलिसेकंद आकुंचन, मग ५० मिलिसेकंदांत सैल. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपला. माणसाच्या स्नायूत हे आकडे तंतूगणिक बदलतात, पण तऱ्हा तीच. एका झटक्याचं आकुंचन ओसरायच्या आत दुसरा झटका आला तर कॅल्शियम पिशवीत परत जायला सवड मिळत नाही आणि दुसरं आकुंचन पहिल्यावर चढतं.

हे तुम्हाला डोळ्यांनी बघता येतं. एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांना मशीनवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांना मी हे मुद्दाम दाखवलं. करंट बेताचा ठेवून फ्रिक्वेन्सी ५ वर आणली. वाटीच्या वरचा फुगवटा टक-टक उडायला लागला, एकेक उडी मोजता येत होती. १० वर उड्या भराभर पडू लागल्या. २० वर फुगवटा खाली बसायचा थांबला आणि नुसता थरथरत राहिला. ४० च्या पुढं थरथरही गेली, मांस एकसंध ताठ झालं आणि वाटी सरकन वर ओढली गेली. काकांनी बोट दाबून बघितलं. ‘दगड झालाय की,’ म्हणाले. करंटचा आकडा मी अजिबात हलवला नव्हता.

आता करंटचं बटण. स्नायूचा एकेक तंतू चेतला तर पुरता चेतो, नाहीतर मुळीच नाही. अर्धवट असं काही त्याच्याकडे नसतं. मग करंट वाढवला की जोर का वाढतो? कारण जास्त नसतंतू टप्प्यात येतात. एक नसतंतू आणि त्याच्या हाताखालचे सगळे स्नायूतंतू मिळून एक तुकडी. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका तुकडीत दहा-वीसच तंतू असतात, मांडी-पोटरीत हजाराच्या घरात. मिलिअँपिअर वाढवले की तुकड्या वाढतात, हर्ट्झ वाढवले की त्याच तुकड्यांचं काम सलग होतं.

आणि मधले ५० सेकंद. आपण स्वतः जोर लावतो तेव्हा शरीर आधी छोट्या, सावकाश पण चिवट तुकड्या कामाला लावतं, गरज पडेल तशा मोठ्या बोलावतं आणि आळीपाळीनं त्यांना विश्रांतीही देतं. मशीनला यातलं काही जमत नाही. पॅडखाली ज्या तुकड्या सापडल्या त्याच, सगळ्या एकदम, प्रत्येक पल्सला, आणि त्यात चटकन दमणाऱ्या मोठ्या तुकड्याही आल्या. म्हणून करंटचं आकुंचन लवकर थकतं. एटीपी भरून यायला वेळ द्यावाच लागतो. ‘मॅडम, वेळ वाचावा म्हणून बंदची वेळ पाच सेकंद केली’ असं कुणी सांगितलं की मी समजते, पाचव्या-सहाव्या आकुंचनानंतर मांडीत नुसत्या मुंग्या उरल्या असणार. दोन-तीन आठवड्यांनी ५० चे ३० करायला हरकत नाही.

प्रत्यक्ष लावताना

शून्यापासून सुरू करा. आधी मुंग्या येतील, मग टोचल्यासारखं होईल, मग फुगवटा हलेल. बरेच जण मुंग्या आल्या की थांबतात. तिथं थांबलात तर मशीन लावलं आणि न लावलं सारखंच. वाटी वर ओढली जाताना दिसली पाहिजे, मांडी हाताला कडक लागली पाहिजे, आणि पेशंटनं तोंड वाकडं केलं तरी ‘चालेल’ म्हटलं पाहिजे. बटण पेशंटच्याच हातात द्या. स्वतःच्या हातानं वाढवलेला करंट माणूस जास्त सोसतो. दोन-तीन आकुंचनांनी सवय होते, मग एक-दोन अंकांनी वाढवायचा. दुसऱ्यांचा आकडा विचारू नका. मांडीवरची चरबी, सूज, कातडी सगळ्यांची वेगळी, त्यामुळे एकाला ३५ मिलिअँपिअरला जे मिळतं ते दुसऱ्याला ६० ला मिळतं.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लिहिलं ते. करंट चढायला लागला की पेशंटनं स्वतःही जोर लावायचा. खुर्चीत असेल तर पाय सरळ करायला निघाल्यासारखं पाऊल भिंतीवर रेटायचं, झोपून असेल तर गुडघा टॉवेलवर दाबायचा. तोंडानं मोजायचं, म्हणजे श्वास कोंडत नाही. मशीनच्या तुकड्या आणि मेंदूच्या हुकमातल्या तुकड्या पूर्ण सारख्या नसतात, त्यामुळे दोन्ही मिळून जास्त स्नायू कामाला लागतो. शिवाय वरून येणारा जो हुकूम अडलाय त्याचा सराव फक्त पेशंटच करू शकतो. टीव्हीवर मालिका लावून, मांडीला पॅड चिकटवून निवांत बसलेले पेशंट बघितले की माझा जीव तळमळतो. आठवडाभरानं आणखी एक करा: करंट यायच्या सेकंदभर आधी पेशंटनं स्वतः जोर लावायला सुरुवात करायची, मशीननं मागून यायचं. आणि १५ झाल्यावर मशीन काढून लगेच पाच-दहा आकुंचनं नुसत्या स्वतःच्या जोरावर.

दिवसातून एक-दोनदा पुरे. दुसऱ्या दिवशी मांडी व्यायामानंतर दुखते तशी दुखली तर घाबरू नका. जास्तच दुखली तर एक दिवस सोडा.

बिघडलं तर

नुसत्या मुंग्या आणि हालचाल नाही, असं झालं तर आधी बॅटरी बघा, मग पॅड वाळलेत का बघा. वाळलेल्या पॅडला बोटानं एक थेंब पाणी लावलं की काही दिवस चालतो, मग बदला. टोचत असेल तर पॅडची कडा उचललेली असते. पहिली आकुंचनं जोरदार आणि पुढची फुसकी, तर विश्रांती कमी पडतेय. करंट बंद झाल्यावरही गोळा तसाच राहिला तर मशीन काढा, गुडघा हलकेच वाकवा, त्या दिवसापुरतं बास. पॅडखाली गुलाबी डाग अर्ध्या-एक तासात गेला पाहिजे. फोड किंवा न जाणारा लाल डाग आला तर पॅड लावू नका.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. दुसऱ्या पायाला ज्या करंटला छान आकुंचन येतं, त्याला ऑपरेशनच्या पायाचा स्नायू हलतही नसेल, आणि बॅटरी-पॅड ठीक असतील, तर करंट वाढवत जाऊ नका. नसेलाच इजा असू शकते. नसेपासून तुटलेला स्नायू ३०० मायक्रोसेकंदांच्या पल्सला दाद देत नाही, त्याला त्याच्या शेकडो पट लांब पल्स लागतो आणि तो घरी देण्यातला नाही. सर्जनना सांगा, ते नसेची तपासणी करायची का ते ठरवतील.

पोटरी दुखून, सुजून, गरम लागत असेल, ताप असेल, टाक्यांतून पाणी येत असेल तर मशीन बाजूला आणि पेशंट दवाखान्यात. एकाएकी धाप लागली तर वाट न बघता.

मशीन कधी सोडायचं? पेशंटला झोपून पाय सरळ उचलायला सांगा. टाच वर येताना गुडघा मध्येच किंचित वाकला तर अजून काम बाकी आहे. गुडघा ताठ ठेवून पाय उचलता आला आणि हात न टेकवता खुर्चीतून उठता आलं, की करंट बंद करून तो वेळ उठाबशीला आणि जिन्याच्या पायरीला द्या. बॅटरी काढून ठेवा, नाहीतर आतच गळते. मशीन कुणी मागायला आलं तर खुशाल द्या, पेसमेकर वगैरे विचारून. पॅड मात्र देऊ नका, ते त्यांनी नवे आणायचे.